दोन काटे, दहा लेकरं

दहा लेकरं दोन काट्यांवर तोलून आणली होती. दहाच्या दहा लेकरं नव्या काट्यावर जास्त भरली होती. ते आकडे माझ्या हातात होते आणि मी भरवर्गात फळाभर गणित मांडून निष्कर्ष काढला की दोन काट्यांत फरक नाही. खाली रेघ ओढली. रेघ दोनदा ओढली, कारण पहिली वाकडी आली होती.

मी सांख्यिकी शिकवतो. पुसदला, तासाप्रमाणे. म्हणजे चूक करायलाही मला तासाप्रमाणेच पैसे मिळाले.

ज्या बाईंनी ती वजनं आणली होती, त्यांच्याबद्दल सांगायचं आहे. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. महागावच्या बाजूच्या एका तांड्यावर त्या अंगणवाडी सेविका होत्या. वय चाळिशीच्या पुढे. नोकरी करत पदवीचा अभ्यास चालू होता आणि सगळे विषय सुटून एकटी सांख्यिकी राहिली होती. दोनदा बसल्या, दोनदा राहिल्या. रविवारी आमच्या अभ्यासकेंद्रात तास असायचे, तिथे त्या तिसऱ्यांदा आल्या.

पहिल्याच रविवारी त्यांनी उजवा पंजा वर केला. एसटी थांबवायला करतात ना, तसा. वर्ग गपकन थांबला, मीही थांबलो.

"सर, ते शून्य परिकल्पना का काय म्हनता, ते मले मराठीत सांगा."

"ताई, मराठीतच आहे ते."

"हे मराठी हाय?"

मग मी सांगितलं. आधी असं मानायचं की काही वेगळं घडलेलंच नाही, जो फरक दिसतो तो योगायोगानं आलेला आहे. मग बघायचं, नुसत्या योगायोगानं एवढा फरक येऊ शकतो का. येऊ शकत नसेल तर मानलेलं सोडून द्यायचं.

त्यांनी दातात धरलेलं पेनाचं टोपण काढलं. म्हणाल्या, "म्हनजे धरून चालू की काहीच झालं नाई. मंग पाहू किती दम निघते."

एवढं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं. पुढच्या तासाला तेच वाक्य मी दुसऱ्या वर्गात माझं म्हणून खपवलं.

तेव्हापासून त्यांचं प्रत्येक गणित 'धरून चालू की' अशा शब्दांनी सुरू व्हायचं. पुस्तकात बल्बच्या आयुष्याची गणितं असतात, पाकीट भरणाऱ्या यंत्राची असतात. त्या लिहायच्या, 'धरून चालू की कंपनी खरं बोलते.' आकडेमोड झाली की शेवटी लिहायच्या, 'नाही बोलत.' परीक्षेत असं लिहून चालत नाही, हे मी तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा मान हलवली आणि पुढच्या गणितात पुन्हा तेच लिहिलं.

सराव करण्याची त्यांची रीत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. पुस्तकाच्या मागच्या उत्तरांवर त्यांनी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. उत्तर डोळ्याला दिसलं की हात आपोआप तिकडे वळतो, असं त्यांचं म्हणणं. एक गणित तीनदा सोडवायचं, तेही वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही उत्तरं जुळली तर पुढचं गणित, नाहीतर चौथ्यांदा. कागद म्हणून आहाराचे जुने तक्ते असायचे, त्यांच्या पाठकोऱ्या बाजू. मी एकदा एक तक्ता उलटून पाहिला. एका बाजूला कोणत्या लेकरानं खिचडी खाल्ली ते, दुसऱ्या बाजूला बल्बचं आयुष्य.

आमच्याकडे वीस-बाविशीची पोरं होती. एक गणित एकदा सोडवून ती मोबाइलमध्ये शिरायची. ताई पुढच्या बाकावर बसून सहाव्यांदा तेच खोडत असायच्या. एक पोरगा म्हणाला, "मावशी, किती घासून राह्यल्या? पस्तीसच पायजेत ना?"

"तुले पस्तीस पायजेत. मले समजलं पायजे," त्या म्हणाल्या. "दोनदा पाठ करून आलती. दोनदा घरी पाठवलं त्याइनं."

एकदा त्यांनी माझ्यावरच चाचणी लावली. मी वर्गात शिरलो, उशीर झाल्याबद्दल गाडीला दोष दिला, तर पंजा वर.

"सर, धरून चालू की तुमी टायमावर येनारे मानूस हायेत. मागंपुढं होते ते गाडीमुळं."

"बरोबर."

"गाडीमुळं असतं तं कधी लवकर बी आले असते ना. आज सहा रविवार झाले." वही उघडली. सहा तारखा, सहा वेळा, सगळं व्यवस्थित. "एकदाबी लवकर नाई. मंग मी जे धरलं होतं ते सोडून देऊ का?"

वर्ग हसला. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. पण तुम्ही हे ध्यानात ठेवा. सहापैकी सहा वेळा एकाच बाजूला झुकलं तर तो योगायोग नसतो, हे त्या बाईंनी माझ्या अंगावर शिकवलं होतं. आणि दोनच महिन्यांनी मी दहापैकी दहाला योगायोग म्हणालो.

झालं ते असं. अंगणवाडीत लेकरांचं वजन दर महिन्याला करतात. आढ्याला नाहीतर दाराच्या चौकटीला काटा टांगायचा, त्याला झोळी अडकवायची, झोळीत लेकरू. ताईंकडे जुना गोल तबकडीचा काटा होता. त्याच्या जागी कार्यालयाकडून नवा, आकडे उजळून दाखवणारा काटा आला. पहिल्याच महिन्यात कमी वजनाच्या यादीतली तीन लेकरं यादीबाहेर गेली. यादीत असेल त्या लेकराला दुपारी जादा आहार मिळतो. यादीतून नाव गेलं की तो बंद.

तिघांपैकी एक होती गुड्डी. अडीच वर्षांची. तिची आई निंदायला जायची आणि गुड्डी दिवसभर ताईंच्या कडेवर.

"सर, काटा म्हनते गुड्डी वाढली," ताई म्हणाल्या. "माह्या कमरेले तं काही समजून नाई राह्यलं. मागच्या महिन्यात जेवढी होती तेवढीच हाय."

"कार्यालयात बोललात?"

"बोलली ना. साहेब म्हनते, लेकरं हालतेत, काटा जरा इकडं तिकडं दाखवतेच. म्हनजे तेबी धरून चालले की काहीच झालं नाई." त्या पिशवीत हात घालत म्हणाल्या, "म्हनून मी दहा लेकरं दोन्ही काट्यावर तोलले. एकाच सकाळी, एकामागं एक. जुन्यावर, लगेच नव्यावर. हे पाहा. आता तुमी फळ्यावर करून दाखवा. साहेबाले नेऊन देते."

असा हावरट आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता. खरी वजनं, खरा प्रश्न, आणि माझ्यासारखा जाणकार! बल्ब खड्ड्यात गेले. मी बाह्या सरसावल्या. जुन्या काट्याची दहा वजनं एका बाजूला घेतली, नव्याची दहा दुसऱ्या बाजूला. दोन सरासऱ्या काढल्या. नव्याची तीनशे ग्रॅमनं जास्त आली. मग प्रत्येक बाजूला वजनं किती पसरली आहेत ते काढलं. आता लेकरं काही एका वयाची नव्हती. कुणी सात किलोचं, कुणी तेरा किलोचं. एवढ्या पसाऱ्यात तीनशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही. शेवटचा आकडा अर्ध्याच्याही आत आला. फरक मानायला सारणीप्रमाणे तो दोनच्या वर हवा.

"फरक नाही," मी म्हणालो आणि ती रेघ ओढली.

पंजा वर आला. या खेपेला जरा सावकाश.

"सर, फरक नाई का फरक सापडला नाई?"

"एकच ते."

"एकच कसं? घरात मांजर दिसली नाई म्हनजे मांजर नाईच, असं थोडीच हाय? पलंगाखाली बसली असन."

मी मास्तरी हसू हसलो. तुम्ही पाहिलं असेल ते हसू, ज्याला उत्तर येत नाही तो ते हसतो. म्हणालो, "ताई, भावना वेगळी, गणित वेगळं." आणि त्यांच्या वहीत सुंदर अक्षरात लिहिलं, 'सांख्यिकीच्या दृष्टीने दोन काट्यांत फरक नाही.' खाली सही. सहीखाली पदवी.

दुसऱ्या कुणी ती वही घरी ठेवली असती. ताईंनी साहेबांना दाखवली. मी नंतर विचारलं, "कशाला दाखवली?" तर म्हणाल्या, "मी म्हनलं होतं ना, सरपासून करून आनते. मनासारखं नाई आलं म्हनून लपवू का?"

साहेबांनी माझी सही पाहून वही मिटली. गुड्डी यादीबाहेरच राहिली. माझ्या सहीनं.

हे मला त्या आठवड्यात माहीत नव्हतं. मी आपला खुशीत होतो. बायकोलाही सांगितलं की आज वर्गात प्रत्यक्ष जीवनातलं उदाहरण घेतलं.

पुढच्या रविवारी मी पोचलो तर ताई फळ्यापाशी उभ्या. हातात खडू. फळ्यावर दहा नावं एकाखाली एक. गुड्डी, राजू, पायल, असं करत दहा. प्रत्येक नावापुढे जुन्या काट्याचं वजन, त्यापुढे नव्याचं, आणि शेवटच्या रकान्यात दोन्हींतला फरक. अडीचशे ग्रॅम, तीनशे, साडेतीनशे, तीनशे. सगळे अधिक.

"सर, आठवडाभर हेच करून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "तुमी सात किलोची गुड्डी तेरा किलोच्या राजूसंग काहून मिसळली? राजू मोठाच हाय. त्याच्यात हिचे तीनशे ग्रॅम कुठं दिसतेत? गुड्डीचं वजन गुड्डीसंगच धरा ना. जुन्या काट्यावरची गुड्डी आन नव्या काट्यावरची गुड्डी."

मी फळ्याकडे पाहत राहिलो. एकाच लेकराच्या दोन मोजण्या असल्या की त्यांची जोडी लावायची आणि फक्त जोडीतल्या फरकाची चाचणी करायची, हे मी दरवर्षी शिकवतो. पुस्तकात त्याचं वेगळं प्रकरण आहे. त्या प्रकरणातलं उदाहरण रक्तदाबाचं असल्यामुळे, लेकराच्या वजनाला ते लागू पडतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"लेकरं हालतेत म्हनते साहेब," ताई पुढे बोलत होत्या. "हालू द्या ना. हालल्यानं कधी कमी भरन, कधी जास्त भरन. दहाच्या दहा जास्तच कशे?"

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"ताई," मी म्हणालो, "माझं चुकलं."

"ते समजलं मले. आता बरोबर कसं कराचं ते सांगा. आकडेमोड मी करते, तुमी फक्त पाहा."

मी पुढच्या बाकावर, त्यांच्या जागेवर बसलो. त्यांनी फळा चालवला. फरकांची सरासरी, फरकांचा पसारा, दहाचं वर्गमूळ. मध्ये एकदा भागाकार चुकला, त्यांनी हातानं पुसला, पुन्हा केला, तो जुळतो का म्हणून तिसऱ्यांदा केला. शेवटचा आकडा एकोणीसच्या आसपास आला. सारणीतला होता सव्वादोनच्या जवळ.

तोच पस्तीस मार्कांवाला पोरगा पुटपुटला, "एकोणीस! मावशी, हे तं लय झालं."

ताईंनी हाताचा खडू झटकला आणि फळ्यावर लिहिलं, 'धरलेलं सोडून दिलं.' मी दुरुस्त केलं नाही.

मग माझ्यापुढे वही ठेवली. "लिवा."

मी लिहिलं, 'मागील निष्कर्ष रद्द समजावा.'

"कारन बी लिवा."

"ताई, कारण तांत्रिक आहे."

"लिवा."

मी कारण लिहिलं. जोडी लावायला हवी होती, मी लावली नाही. खाली सही केली, या वेळी पदवी न लिहिता.

कार्यालयात ताईंसोबत मी स्वतः गेलो. ताईंनी बोलावलं नव्हतं, पण बायकोला सगळी हकीकत कळली आणि तिनं मला घराबाहेर काढलं. साहेब माणूस सभ्य होते. त्यांनी दोन्ही पानं वाचली, आधीचं आणि नंतरचं. चष्मा वर करून विचारलं, "म्हणजे मागं तुमचंच चुकलं होतं?"

"हो."

"मग आता बरोबर आहे कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मी ताईंकडे पाहिलं.

ताईंनी पिशवीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. टेबल हललं. किराणा दुकानातलं पाच किलोचं लोखंडी माप होतं, शिक्का मारलेलं. दुसऱ्या पिशवीतून दोन्ही काटे निघाले. मी तोवर समजत होतो की त्या पिशवीत जेवणाचा डबा आहे.

"दोन काट्यांत फरक हाय, हे सरच्या गनितानं समजलं," त्या म्हणाल्या. "पन खोटा कोनता, ते गनित सांगत नाई. म्हनून हे आनलं. सर चुकले तरी हे चुकत नाई."

दाराच्या चौकटीला जुना काटा टांगला. झोळीत माप ठेवलं. बरोबर पाच. मग नवा. झोळी लावून आधी शून्य केला, साहेबांना शून्य दाखवला, मग माप ठेवलं. पाच किलो तीनशे.

साहेब खुर्चीतून उठून जवळ आले. आकड्याकडे पाहिलं, झोळीकडे पाहिलं. म्हणाले, "हे हलत नाही ना?"

"नाई साहेब," ताई म्हणाल्या. "हे लेकरू शांत हाय."

शिपाई हसला. मग साहेबही हसले. त्यांनी तिथेच लिहून दिलं, दुसरा काटा येईपर्यंत जुनाच वापरावा, तिन्ही लेकरांची नावं परत यादीत घ्यावीत. सोमवारपासून गुड्डीचा आहार सुरू झाला.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "ताई, माप होतंच, तर गणित कशाला केलं? नुसतं माप दाखवलं असतं तरी भागलं असतं."

त्यांनी माप मांडीवर धरलं होतं, झोपलेल्या पोराला धरावं तसं. "नुसत्या मापाले साहेब म्हनले असते, लोखंडाचं वेगळं, लेकराचं वेगळं. नुसत्या गनिताले म्हनले, सरच चुकते. दोनी पायजेत." मापाचं फडकं नीट करत म्हणाल्या, "आन मले पाहाचं होतं, मले येते का नाई."

परीक्षेच्या आधीच्या रविवारी त्यांनी उत्तरांवरच्या पट्ट्या सोलल्या. सगळ्या वर्गासमोर, एकेक करत. शेवटच्या पानावरचं एक उत्तर जुळेना. ताईंनी आपले तीन तक्ते उलटून पाहिले, तिन्हींत एकच उत्तर.

"पुस्तक चुकलं," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, असं होत नसतं. घरी नेऊन रीतसर सोडवलं. पुस्तक चुकलं होतं. आठ वर्षं मी तेच पुस्तक शिकवत होतो.

त्या पास झाल्या, चांगल्या मार्कांनी. पदवी हाती आली, वय सरायच्या आत पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला, ती जागाही मिळाली. आता वणीच्या बाजूला असतात. पंधरावीस अंगणवाड्या त्यांच्याकडे आहेत आणि प्रत्येक काट्याखाली त्या स्वतः उभ्या राहतात, असं ऐकतो. जायच्या दिवशी भेट झाली नाही. मी स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी सुटून गेली होती. ती वेळेवर सुटली होती, हे वेगळं सांगायला नको.

या वर्षी मी ठरवलं, बल्ब बंद. पोरांना खरी मोजमापं घ्यायला लावायची. परवानगी काढली आणि बारा पोरं घेऊन त्याच तांड्यावर गेलो. नव्या सेविका त्या दिवशी प्रशिक्षणाला गेल्या होत्या. मदतनीस मावशी होत्या, पंचवीस वर्षांपासून तिथेच असलेल्या. गुड्डी आता मोठ्यांच्या रांगेत बसून पाटी गिरवत होती. मी नाव घेऊन हाक मारली, तिनं मान वर करून पाहिलं आणि परत पाटीत घातली. तिला मी कोण?

काटा चौकटीला टांगलेला होता. पोरांना म्हणालो, नीट बघा, मी एकदा करून दाखवतो. एक गुटगुटीत गडी उचलून झोळीत ठेवला. त्यानं पाय झाडायला सुरुवात केली. पडेल बिडेल म्हणून मी खालून हात लावला आणि आकडा मोठ्यानं वाचला, "आठ किलो शंभर." बारा पोरांनी बारा वह्यांत लिहून घेतलं.

मावशींनी त्या गड्याकडे पाहिलं, रजिस्टर पाहिलं, पुन्हा गड्याकडे पाहिलं. "मागच्या महिन्यात दहाच्या वर होता हा," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर झोळीच्या खाली गेली. "सर, हात काढा."

मी हात काढला. आकडा दोन किलोंनी वर गेला. बारा पोरांनी बारा वह्यांत खोडलं.

मावशींनी मला कोपरानं हळूच बाजूला सारलं, लेकराच्या पाठीवरून हात फिरवला, ते शांत झाल्यावर आकडा वाचला आणि माझ्याकडे न पाहता पोरांना म्हणाल्या, "बाई जातानी सांगून गेलती मले. सर मनाचे लय चांगले हायेत, पन त्याइले काट्यापाशी उभं नोका करू."